पथ्य सांगण्याआधी



आहारतज्ज्ञांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलं आहे. जे बोलायचं आहे ते आपल्या रोजच्या कामाविषयी आहे, म्हणून थेट विषयाला येते.

आपल्याकडे आलेला माणूस जाताना हातात एक कागद घेऊन जातो. सकाळी आठला नाश्ता, अकराला एक फळ, दुपारी दोन फुलके, एक वाटी भाजी, एक वाटी डाळ. हा डाएट चार्ट शास्त्राच्या दृष्टीने बहुधा बिनचूक असतो. उष्मांक मोजलेले असतात, प्रथिनं मोजलेली असतात. महिन्याने तोच माणूस परत येतो, शुगर तेवढीच असते, आणि आपण केसपेपरवर लिहितो, ‘पथ्य पाळत नाही.’ या नोंदीत त्या माणसाविषयी काहीही कळत नाही. कुठे अडलं, कशाने अडलं, घरात कोणाचा शब्द चालतो, यातलं अक्षरही तिथे नसतं. माणसं आपलं खाणं कधी बदलतात आणि कधी बदलत नाहीत, याचा पद्धतशीर अभ्यास दुसऱ्या महायुद्धापासून चालू आहे. तो आपल्या परीक्षेच्या पेपरात पोचला, ओपीडीतल्या खुर्चीपर्यंत मात्र पुरेसा पोचलेला नाही. माझं आजचं सगळं सांगणं याच एका गोष्टीबद्दल आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019–21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. याच राज्यात 23 टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर होतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातल्या मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर असल्याचं सांगितलं. पालेभाजी खावी, साखर कमी करावी, हे या लोकांच्या कानावर कधी पडलंच नव्हतं असं आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही.

माहिती असूनही खाणं का बदलत नाही, हे एका जुन्या प्रयोगातून कळतं. कुर्ट लेविन हे मानसशास्त्रज्ञ नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून अमेरिकेत आले. महायुद्धाच्या काळात तिथलं चांगलं मांस सैन्याकडे जात होतं आणि घरोघरच्या बायकांनी काळीज, गुर्दा असे अवयव शिजवावेत अशी सरकारची इच्छा होती. ते पौष्टिक होते, स्वस्त होते, पण त्या बायकांना त्यांची किळस होती. खाण्याच्या सवयींसाठी नेमलेल्या समितीने लेविन यांना हाताशी धरलं. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड या समितीच्या कार्यकारी सचिव होत्या. लेविन यांनी रेडक्रॉसच्या स्वयंसेविकांचे सहा गट घेतले, प्रत्येकात 13 ते 17 बायका. तीन गटांना उत्तम व्याख्यान दिलं. जीवनसत्त्वं, क्षार, युद्धातलं कर्तव्य, पाककृतींचे छापील कागद, सगळं. उरलेल्या तीन गटांना थोडंच सांगून विचारलं, ‘तुमच्यासारख्या गृहिणींना हे करताना काय अडचण येईल?’ बायका बोलू लागल्या. नवऱ्याला आवडणार नाही, शिजताना वास येतो, मुलं तोंड फिरवतील. त्या अडचणींवर तिथेच उपाय निघाले आणि शेवटी येत्या आठवड्यात कोण करून बघणार, असं विचारून हात वर करून घेतले. वेळ दोन्हीकडे तेवढाच, पाऊण तास. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 3 टक्के बायकांनी पूर्वी कधीही न केलेला असा पदार्थ घरी वाढला होता, तर चर्चा करून ठरवलेल्या बायकांपैकी 32 टक्क्यांनी.

हा प्रयोग लेविन यांनी 1943 मध्ये मांडला. आपल्या व्यवसायाला त्याहून महत्त्वाचा प्रयोग मला माहीत नाही. तरीही जागतिक मधुमेहदिनी आपण प्रोजेक्टर लावून व्याख्यानच देतो. पोषण महिन्यात तक्ते टांगतो, प्रदर्शन भरवतो आणि उपस्थितांची संख्या अहवालात लिहितो. त्या उपस्थितांपैकी कोणी काय ठरवलं, हा रकाना अहवालात असत नाही.

आता ओपीडीत येऊ. पन्नाशीचा गृहस्थ, सोबत पत्नी. बसताक्षणी तो म्हणतो, ‘मॅडम, काय खायचं नाही ते सांगा.’ हा प्रश्न मोहात पाडणारा आहे, कारण त्याचं उत्तर आपल्याला तोंडपाठ असतं. भात बंद, साखर बंद, बटाटा बंद. पत्नी लगेच म्हणते, ‘अहो, यांना ताटात भात नसला तर जेवल्यासारखंच वाटत नाही.’ आपण आणखी समजावून सांगतो, तो मान डोलावतो आणि निघून जातो.

हीच भेट वेगळी होऊ शकते. ‘भात कमी करणं तुम्हाला जमेल असं शून्य ते दहात किती वाटतं?’ तो म्हणतो, ‘पाच.’ इथे आपली सवय विचारते, पाचच का? त्यावर तो न जमण्याची कारणं सांगतो आणि सांगता सांगता स्वतःलाच पटवतो. त्याऐवजी विचारावं, ‘पाच म्हणालात, दोन का नाही म्हणालात?’ मग तो जमण्याची कारणं शोधतो. ‘दुपारचा डबा असतो, त्यात तशाही पोळ्याच असतात. भात लागतो तो रात्री. तोही एकदा वाढून घेईन, परत मागणार नाही.’ योजना त्याच्या तोंडून आली. पत्नीकडे वळून विचारावं, ‘ताई, रात्री भाताचं पातेलं जेवायच्या जागी न आणता ओट्यावरच ठेवलं तर चालेल?’ त्या म्हणतात, ‘चालेल की.’ एवढ्यावर पहिली भेट संपवायला हरकत नाही.

विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी विकसित केलेली संवादाची पद्धत ती हीच. मिलर यांनी ती 1983 मध्ये दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी प्रथम मांडली, आणि तिचा गाभा असा, की बदलाची बाजू समुपदेशकाने लढवू लागलं की समोरचा आपसूक न बदलण्याची बाजू घेतो. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी सिगारेट सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून बदलाचे टप्पे सांगितले. अजून विचारच नाही, विचार आहे, तयारी आहे, कृती सुरू आहे, कृती टिकवली आहे. या टप्प्यांच्या सीमा एवढ्या रेखीव नसतात, अशी टीका पुढे झाली आणि ती मला रास्त वाटते. माणसाच्या कपाळावर टप्प्याची चिठ्ठी डकवण्यासाठी हे टप्पे वापरू नयेत. पण ज्याच्या मनात अजून बदलाचा विचारच नाही त्याच्या हातात आठवड्याचा चार्ट देणं व्यर्थ आहे, एवढं कळण्यापुरते ते फार उपयोगी आहेत.

अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये सांगितलेली गोष्ट मला सर्वांत कामाची वाटते. ‘हे मला जमेल’ हा विश्वास कृतीच्या मुळाशी असतो, आणि तो विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः करून जमल्यावर. त्यानंतर, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेलं पाहून. उपदेशाचा क्रमांक त्याच्याही मागे. म्हणून पहिल्या भेटीत बारा सूचना देऊ नयेत. एकच बदल ठरवावा, तोही हमखास जमेल असा, आणि कधी व कुठे करायचा ते बोलून घ्यावं. ‘तेल कमी करा’ हे ठरवणं नव्हे. ‘एक तारखेला महिन्याचं तेल वेगळ्या डब्यात काढून ठेवायचं, आणि त्या महिन्यात नवी पिशवी फोडायची नाही’ हे ठरवणं आहे.

‘आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेलं’ याची ताकद पाहायची तर अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे 1970 मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्याच, बहुतांशी निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या बायकांच्या घरची चूल शेजारणीच्या चुलीसारखीच होती, म्हणून त्यांचा शब्द शेजारणीला पटत होता. व्हिएतनाममध्ये 1990 नंतर जेरी आणि मोनिक स्टर्निन यांनी गरीब गावांमध्ये धडधाकट मुलं कोणाच्या घरी आहेत ते गावकऱ्यांकडूनच शोधून घेतलं. त्या घरच्या आया भातखाचरातले छोटे खेकडे, कोळंबी आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या आणि दिवसातून जास्त वेळा भरवत होत्या. उपाय गावातच होता. मग बाकीच्या आयांनी तो त्यांच्यासोबत बसून, हाताने रांधून उचलला.

आता स्वयंपाकघराच्या दाराशी येऊ. लेविन यांनीच सांगून ठेवलं आहे, की अन्न ताटापर्यंत ज्या वाटांनी येतं त्या प्रत्येक वाटेवर कोणीतरी राखणदार असतो, आणि त्याला वगळून खाणं बदलत नाही. बांगलादेशात 1995 मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पोषण प्रकल्प सुरू झाला. आयांना पोषणाचं समुपदेशन दिलं गेलं. नंतरच्या मूल्यमापनात दिसलं, की आयांना माहिती झाली, पण घरात तसं घडेना. बाजारहाट पुरुष करत होते, एकत्र कुटुंबात मुलाला काय द्यायचं यावर सासूचा शब्द चालत होता, आणि समुपदेशन मात्र एकट्या सुनेला मिळालं होतं.

आपल्याकडे वेगळं काय आहे? गरोदर बाईला रक्तवाढीच्या गोळ्या 180 दिवस घ्यायला सांगतात. ती चार दिवस घेते. शौचाला काळं होतं, मळमळतं, आणि घरातून सासूबाईंचा आवाज येतो, ‘गोळ्या उष्ण पडतात, नको घेऊस.’ कुठे असंही ऐकू येतं, की बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अडेल. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या आरोग्य खात्यातल्या मानसशास्त्रज्ञांनी, लोक क्षयाच्या फुकट तपासणीलाही का येत नाहीत हे शोधताना, माणूस धोका, फायदा आणि अडथळा यांचा मनाशी हिशोब करतो असं प्रतिमान मांडलं. त्या हिशोबात या सासूबाई अगदी शहाणपणाने वागत आहेत. डोळ्यांना दिसणारा त्रास आजचा आहे आणि सांगितलेला फायदा न दिसणारा आहे. त्यांना अडाणी म्हणणं अन्यायाचं आहे. शौचाला काळं होणं हे गोळीतल्या लोहामुळे असतं, घाबरण्यासारखं नसतं, गोळी चहाबरोबर घेऊ नये, मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी, हे गोळी हातात देतानाच आणि सासूबाईंच्या समक्ष सांगायला हवं. डोहाळजेवणाला त्या स्वतः बोलावणं करतात, लाडू वळतात. सुनेची काळजी त्यांना आपल्याहून कमी नाही.

उष्टावणाचंही तसंच. सहाव्या महिन्यानंतर वरचं अन्न सुरू करावं, यावर आजचं शास्त्र आणि आपली रीत यांचं एकमत आहे. सोहळा थाटात होतो आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाला वरणाचं पाणी मिळू लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीप्रमाणे देशातल्या 6 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार मिळणारी फक्त 11 टक्के. अंगणवाडीत उष्टावणाचा कार्यक्रम होतो तेव्हा आजी, आत्या, मामा सगळे हजर असतात. तिथेच मऊ वरणभात कुस्करून, त्यात तूप घालून, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतका घट्ट घास आजीच्या हाताने भरवून घ्यावा. भाषणाची गरज नाही.

हे सगळं बोलताना एक गोष्ट विसरता कामा नये. सुसान मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये वर्तनाचे तीन आधार सांगितले. क्षमता, प्रेरणा आणि संधी. यातल्या संधीकडे आपण डोळेझाक करतो. बीडहून ऊसतोडीला गेलेलं जोडपं पहाटे अंधारात फडावर जातं. बाईने त्याआधी उठून कोपीत भाकरी थापलेली असते. मुकादमाची उचल फेडायची असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. तिला दर दोन तासांनी थोडं थोडं खा असं सांगणारा समुपदेशक तिच्या आयुष्याची थट्टा करतो. भाकरीबरोबर मूठभर शेंगदाणे आणि गूळ फडावर न्यायचा, एवढं ती ठरवू शकेल. तिचा अंगणवाडीचा शिधा गावात न राहता तिच्यामागे कारखान्यावर जावा, हे मात्र आपल्याला सरकारकडे मागावं लागेल. जिथे अडथळा संधीचा आहे तिथे माणसाला प्रेरणा देत बसणं हा चुकीचा उपचार आहे.

मला आपल्या संस्थेकडे आणि विद्यापीठांकडे काही ठाम मागायचं आहे. आहारशास्त्राच्या पदवीत समुपदेशनाचं प्रात्यक्षिक सक्तीचं हवं. विद्यार्थ्याने खऱ्या माणसाशी बोलावं, शिक्षकाने ते ऐकावं आणि त्यावर गुण द्यावेत. चयापचयाचं चक्र तोंडी परीक्षेत विचारतो तितक्या कडकपणे हेही विचारावं. रुग्णालयांनी पहिल्या भेटीला अर्धा तास द्यावा आणि दुसरी भेट शुल्कात धरावी, कारण बदल टिकतो की नाही हे दुसऱ्या भेटीतच कळतं.

आज मी ज्यांची नावं घेतली त्यांचं बहुतेक काम अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये झालं आहे. आपल्या एकत्र कुटुंबात, उपासतापासात, डब्यात आणि फडावर ते किती लागू पडतं, याची आपली स्वतःची नोंद आपल्याजवळ फार थोडी आहे. कार्यकारिणीने मराठीत एक साधा नमुना करावा. ठरलेला एक बदल, तो कोणी सुचवला, घरातलं कोण हजर होतं, अडथळा काय आला आणि महिन्याने काय राहिलं, एवढेच रकाने. आपल्यापैकी प्रत्येकाने दहा कुटुंबांची नोंद वर्षभर ठेवावी आणि पुढच्या अधिवेशनात ती मांडावी. ज्यांची तयारी आहे त्यांनी आज संध्याकाळी निघण्यापूर्वी नोंदणीच्या टेबलावर आपलं नाव आणि जिल्हा लिहून द्यावा, ही माझी विनंती आहे.