शिलालेखाचे छायाचित्र : तंजावरचा एक वस्तुपाठ



वास्तूचे छायाचित्र म्हटले की भव्य दर्शनी भाग, उंच शिखर आणि मागे आकाश अशी मांडणी डोळ्यांपुढे येते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे १८५८ मधील एक छायाचित्र यास अपवाद आहे. ते घेणारा लिनिअस ट्राइप हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी होता. १८५६ साली मद्रास सरकारने त्याची शासकीय छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली.

राजराज चोळाने उभारलेले हे मंदिर इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. त्याचे विमान सुमारे ६० मीटर उंच आहे. या चित्रात मात्र त्या उंचीला स्थान नाही. चित्राचा विषय आहे मंदिराचे जोते. कारण शिलालेख तेथे कोरलेले आहेत. दान दिलेले अलंकार, दिव्यांची व्यवस्था, नेमलेले सेवक, इतकेच नव्हे तर मंदिराच्या ४०० नर्तकींना दिलेली घरे, यांची नोंद त्या दगडावर आहे.

एका जागी उभे राहून कॅमेरा फिरविला असता, तर जवळची अक्षरे मोठी व दूरची बारीक दिसली असती. ट्राइपने कॅमेराच जोत्याला समांतर पुढे पुढे नेला आणि २१ छायाचित्रे जोडून सुमारे १९ फूट लांबीची सलग पट्टी सिद्ध केली. त्यामुळे या चित्राला एकच केंद्रबिंदू नाही. जोत्याचे आडवे थर दृष्टीला पुढे नेतात आणि पाहणारा भिंतीलगत चालत गेल्याप्रमाणे ते चित्र क्रमाने वाचतो. चित्राचे रूप त्याच्या कार्यातून घडले आहे.

पुढे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी असा खर्च ही न परवडणारी चैन ठरविली आणि १८६० पर्यंत ते काम बंद पडले. पट्टी मात्र टिकली.

महाराष्ट्राला या मंदिराचा आणखी एक ऋणानुबंध आहे. सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास याच मंदिरात मराठीत कोरविला.

गावोगावच्या मंदिरांवर, बारवांवर आणि वीरगळांवरही अशी अक्षरे आहेत. जीर्णोद्धाराच्या उत्साहात ती तैलरंगाखाली किंवा सिमेंटखाली गेली, तर गावाचा पुरावाच नाहीसा होतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायतीने व शिक्षकांनी शिलालेखाची छायाचित्रे घ्यावीत. प्रथम संपूर्ण वास्तू, नंतर समान अंतरावरून, दगडाला समांतर, एकाचा थोडा भाग दुसऱ्यात येईल अशी क्रमवार चित्रे घ्यावीत. सकाळचे किंवा सायंकाळचे तिरपे ऊन असावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी. अक्षरांत खडू अथवा रंग भरू नये. चित्रांसोबत ठिकाण व दिनांक लिहून एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी आणि एक शाळेत ठेवावी. एवढे झाले तरी दगड झिजल्यावरही लेख वाचता येईल.