मंत्रिमंडळाला विचारलं होतं का?



१५ ऑगस्ट १९४७ म्हटलं की आपल्याला पंडित नेहरूंचं मध्यरात्रीचं भाषण आठवतं, फडकणारा तिरंगा आठवतो. त्याच दिवशी स्वतंत्र भारताचं पहिलं मंत्रिमंडळ अधिकारावर आलं. पंतप्रधान धरून माणसं होती अवघी १४. आज मी त्या १४ जणांविषयी, आणि त्यातले काही जण पुढे बाहेर का पडले याविषयी बोलणार आहे.

अनेक वर्षं राज्यशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न हमखास विचारत असे. या १४ जणांत काँग्रेसचे नसलेले किती? बहुतेक मुलं म्हणायची, एक, डॉक्टर आंबेडकर. खरं उत्तर आहे सहा.

एकेक नाव पाहा. कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. काँग्रेसने आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, असा जाब विचारणारं त्यांचं पुस्तक १९४५ साली निघालं होतं, म्हणजे जेमतेम दोन वर्षांपूर्वी. उद्योगमंत्री डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी हिंदुमहासभेचे. अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी मूळचे मद्रासकडच्या जस्टिस पक्षाचे, आणि कोचीन संस्थानचे माजी दिवाण. रेल्वेमंत्री जॉन मथाई हे अर्थशास्त्रज्ञ, टाटा उद्योगसमूहातून आलेले. व्यापारमंत्री कुवरजी भाभा मुंबईचे पारशी उद्योजक. आणि संरक्षणमंत्री सरदार बलदेवसिंग शीख पंथिक पक्षाचे.

बाबासाहेबांचं तर संविधान सभेतलं सदस्यत्वच फाळणीमुळे धोक्यात आलं होतं. ते निवडून गेले होते बंगालमधून. ३० जून १९४७ रोजी राजेंद्रप्रसादांनी बाळासाहेब खेरांना पत्र लिहिलं. खेर तेव्हा मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधानच म्हणत. बॅरिस्टर जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर डॉ. आंबेडकरांना निवडून पाठवा, अशी ती सूचना होती. त्याप्रमाणे ते मुंबईतून निवडून आले. ज्या पक्षावर त्यांनी आयुष्यभर टीका केली, त्याच पक्षाच्या मतांवर!

याला केवळ मनाचा मोठेपणा म्हणून भागणार नाही. गरजही होती. फाळणीच्या आगीत निर्वासितांचे लोंढे येत होते, संस्थानांचं विलीनीकरण व्हायचं होतं, संविधान लिहायचं होतं. २६ नोव्हेंबर १९४७ रोजी चेट्टींनी मांडलेल्या पहिल्या, साडेसात महिन्यांच्या अंदाजपत्रकात अपेक्षित उत्पन्न १७१ कोटींचं होतं आणि खर्च १९७ कोटींचा. त्यातले जवळजवळ ९३ कोटी एकट्या संरक्षणाचे. अशा वेळी आपला आणि परका पाहत बसणं परवडणारं नव्हतं.

याच मंत्रिमंडळात आपल्या पुण्याचे काकासाहेब गाडगीळ होते. बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर एकट्या महिला मंत्री होत्या. मजूरमंत्री जगजीवनराम चाळिशीही न गाठलेले, तर सरदार पटेल सत्तरी ओलांडलेले. अशी ही एका वयाची नव्हे, एका मताचीही नव्हे, अशी मंडळी. भांडणं होणारच होती. खुद्द नेहरू आणि पटेल यांच्यातले मतभेद जानेवारी १९४८ पर्यंत इतके वाढले, की दोघांनीही बाजूला होण्याची तयारी दाखवली होती. गांधीजींच्या हत्येनंतर मात्र दोघांनी एकत्र राहायचं ठरवलं.

मंडळी, मंत्रिमंडळ कसं बनलं, हे आपण कौतुकाने सांगतो. ते सुटत कसं गेलं, हे फारसं सांगत नाही. आणि मला त्यातच जास्त शिकण्यासारखं वाटतं. चेट्टी १९४८ साली गेले, करचुकवेगिरीच्या चौकशीतून काही प्रकरणं वगळल्यावरून उठलेल्या वादात. डॉ. मुखर्जींनी एप्रिल १९५० मध्ये नेहरू-लियाकत कराराला विरोध करून पद सोडलं. ही कारणं वेगवेगळी होती. पण आणखी तिघांची कारणं शेजारी ठेवून वाचली, की एकच तक्रार पुन्हा पुन्हा कानी येते.

पहिले जॉन मथाई. चेट्टींनंतर ते अर्थमंत्री झाले होते. मार्च १९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला. हा आयोग म्हणजे मंत्रिमंडळाला समांतर असं दुसरं मंत्रिमंडळच होऊन बसेल, ही त्यांची हरकत होती. त्याच वर्षी त्यांनी पद सोडलं.

दुसरे डॉ. आंबेडकर. त्यांचा राजीनामा २७ सप्टेंबर १९५१ चा. १० ऑक्टोबरला निवेदन करायला ते सभागृहात उभे राहिले, तेव्हा पीठासीन उपाध्यक्षांनी त्याची प्रत आधी मागितली. बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिलं. हिंदू कोड बिल रखडलं, हे आपण सगळे जाणतो. पण त्या निवेदनात आणखीही बरंच आहे. आपल्याला मंत्रिमंडळाच्या मुख्य समित्यांवर घेतलं नाही, निर्णय समित्यांमध्ये होतात आणि मंत्रिमंडळ त्यांची नुसती नोंद करणारी कचेरी झालं आहे, असं त्यांनी त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

तिसरे सी. डी. देशमुख, म्हणजे चिंतामणराव. महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मथाईंनंतर तेच अर्थमंत्री झाले. जून १९५६ मध्ये नेहरूंनी मुंबईत जाहीर केलं, की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. देशमुखांनी राजीनामा दिला आणि जुलैत लोकसभेत कारणं सांगितली. मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी का नाही, हा प्रश्न त्यात होता. आणि दुसरा प्रश्न असा, की एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळापुढे न आणता जाहीर कसा झाला? नेहरूंनी हा आक्षेप मान्य केला नाही. महाराष्ट्रात मात्र चिंतामणराव घराघरांत पोचले.

नेहरूंची बाजूही समजून घ्यायला हवी. काम प्रचंड होतं, आणि समित्यांशिवाय कुठलंच सरकार चालत नाही. शिवाय या तिघांनाही आपलं म्हणणं देशापुढे मांडता आलं, हेही त्या काळाचं देणं आहे. पण त्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असेल, असं संविधानाचं ७५ वं कलम सांगतं. निर्णयाची जबाबदारी सगळ्यांची, तर निर्णयापूर्वीची चर्चाही सगळ्यांची नको का? ज्याला विचारलंच नाही, त्याने उत्तर तरी कशाचं द्यायचं?

२००३ च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्के, म्हणजे सुमारे ८१. किती मंत्री असावेत, हे कायद्याने ठरवता आलं. त्यांना विचारावं की नाही, हे मात्र कायद्याने ठरत नाही. ते माणसांवर आणि आपल्या जागरूकतेवर अवलंबून असतं. म्हणून श्रोतेहो, केंद्रातला असो वा राज्यातला, एखादा मोठा निर्णय जाहीर झाला की तो चांगला की वाईट हे जरूर पाहा. पण त्याआधी मथाई, आंबेडकर आणि देशमुख यांनी विचारलेला प्रश्न आपणही विचारूया: हा निर्णय मंत्रिमंडळापुढे आला होता का, आणि तिथे कोणी बोललं होतं का?