ऋण कोणाचें?



चाळीस वर्षें मीं मुलांना एक गोष्ट सांगत आलों : दुसऱ्याच्या वहींतून कांहीं घेतलें, तर त्याचें नांव प्रामाणिकपणें सांगावें. हें वाटतें तितकें सोपें नाहीं, असें मला फ्रांट्झ लिस्टच्या दुसऱ्या 'हंगेरियन ऱ्हॅप्सडी'नें शिकविलें.

लिस्ट १८११ सालीं तत्कालीन हंगेरींत जन्मला. ही पियानोची रचना त्यानें १८४७ मध्यें केली. ती १८५१ मध्यें प्रसिद्ध झाली. तिचा आराखडा हंगेरींतील चारदाश नृत्याचा आहे : आधीं 'लॉश्शॉन' हा संथ, गंभीर भाग, मग 'फ्रिश्का' हा द्रुत भाग. फ्रिश्काच्या आरंभीं एकच स्वर पुनःपुन्हां वाजतो, तेव्हां सिंबालोमचा भास होतो. तें वाद्य म्हणजे काठ्यांनीं तारा छेडावयाचें, आपल्या संतूरचें भावंड. पुढें लय इतकी वाढते कीं, भल्या वादकाचीहि कसोटी लागते. शेवटाजवळ तर लिस्टनें जागा मोकळी ठेवली आहे; तेथें वादकानें स्वतःच्या प्रतिभेनें वाजवावें.

हा बाज लिस्टनें घेतला तो रोमानी, म्हणजे जग ज्यांस जिप्सी म्हणे, त्या वादकांच्या ताफ्यांकडून. या लोकांचे पूर्वज सुमारें हजार वर्षांपूर्वीं भारतांतून गेले. पाण्याला त्यांच्या भाषेंत अद्याप 'पानी'च म्हणतात. लिस्टनें ऋण लपविलें नाहीं. १८५९ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें, हें संगीत मुळांत रोमानी लोकांचेंच, असें मांडलें. परंतु तेथेंच तो चुकला, आणि हंगेरियन लोक दुखावले. त्या ताफ्यांच्या पुष्कळ चाली हंगेरियन रचनाकारांच्या होत्या. त्यांना रंग व आवेश दिला तो रोमानी वादकांनीं. पुढें १९०५ च्या सुमारास कोडाय व बार्टोक खेड्यापाड्यांतून गाणीं टिपूं लागले, तेव्हां शेतकऱ्यांचें जुनें संगीत याहून निराळेंच असल्याचें उघड झालें.

तात्पर्य, ऋण मान्य करण्यास मनाचा मोठेपणा लागतो. पण तें योग्य माणसाच्या नांवावर मांडण्यास कष्टाचा शोध लागतो. लिस्टपाशीं पहिलें होतें, दुसऱ्यांत तो उणा पडला. मुलांना मीं पहिलेंच तेवढें शिकविलें, ही चुटपुट मला आहे.

ही रचना ऐकाल तेव्हां लिस्टबरोबर त्या अनामिक रचनाकारांची व वादकांचीहि आठवण ठेवावी, एवढीच विनंती.