मोडीचा भाव

घरातली कर्ती माणसे एकेक करून पुण्यामुंबईस गेली, म्हातारीच्या हातांना मोठाले हंडे उचलेनासे झाले आणि माळ्यावरील भांड्यांवर धुळीचे थर चढले, म्हणजे केव्हातरी वाड्याच्या दारात काटा घेतलेला एक गृहस्थ येऊन उभा राहतो. तो आगंतुक नव्हे; त्यास निरोप धाडलेला असतो. बंब, घंगाळ, हंडा, परात अशी भांडी अंगणात मांडली जातात. ‘आजी, हा बंब गळतो. ह्याला मोडीचाच भाव यायचा,’ असे तो म्हणतो. ‘अरे बाबा, माझ्या सासूबाईंच्या वेळचा आहे तो,’ असे आजी म्हणतात. परंतु सासूबाईंची आठवण काट्यावर येत नाही. काटा तांब्याचेच वजन दाखवितो. पैसे मोजले जातात, भांडी टेम्पोत चढतात, आणि पुढे सहा महिन्यांनी तोच बंब चिंचेने लखलखीत होऊन एखाद्या हॉटेलच्या दर्शनी भागात उभा असलेला घरच्या कोणाच्या तरी दृष्टीस पडतो. त्याची किंमत कानी आली की, ‘म्हातारीला फसविले’ असा उद्गार सहजच निघतो. हा उद्गार कितपत न्याय्य आहे, ह्याचा विचार शांतपणे करण्यासारखा आहे.

ह्या व्यवहारास सातारा व सांगली ही दोन्ही गावे विशेष अनुकूल आहेत. सातारा ही छत्रपतींची राजधानी. ते राज्य १८४८ साली खालसा झाले. सांगली ही पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी. ते संस्थान १९४८ साली विलीन झाले. राजधानीच्या गावी सरदार, कारकून, भिक्षुक, सावकार ह्यांची मोठी घरे असावयाची, आणि मोठ्या घरांत पंक्तीच्या पंक्ती उठविणारी भांडी असावयाची. पुढे कुळकायद्याने जमिनीवरील खंडाचे उत्पन्न गेले. १ एप्रिल १९५७ हा दिवस तर ‘कृषक दिन’ म्हणूनच ठरला. पुढची पिढी नोकरीसाठी बाहेर पडली. स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टील आले, चुलीच्या जागी गॅस आला, आणि न्हाणीघरातील बंबाची जागा विजेच्या यंत्राने घेतली. कल्हई न लावता वापरता येणारे भांडे मिळाल्यावर कल्हईवाल्याची वाट कोण पाहणार? अशा रीतीने जे सामान एकेकाळी घराचे वैभव होते, तेच घराची अडगळ होऊन बसले.

जुन्याच्या बाजारात पहिली येते ती बोहारीण. जुने लुगडे वा धोतर घेऊन ती नवे भांडे देते, आणि ते वस्त्र धुऊन, सांधून पुन्हा विकते. तिच्यापाठोपाठ भंगारवाला, मोड घेणारा, जुने लाकूडसामान घेणारा, आणि शेवटी शोभेच्या वस्तूंचा दुकानदार. ह्या सर्वांच्या धंद्याचे मर्म एकच आहे. प्रत्येक जुन्या वस्तूस तीन किमती असतात. पहिली मोडीची, म्हणजे तिच्यातील तांब्याची, पितळेची वा लाकडाची. दुसरी उपयोगाची, म्हणजे ती दुरुस्त होऊन पुन्हा संसारात लागण्याजोगी असेल तर येणारी. तिसरी हौसेची, म्हणजे जुनेपणामुळेच कोणी अधिक द्यावयास तयार होतो ती. विकणाऱ्यास बहुधा पहिलीच किंमत ठाऊक असते. घेणाऱ्यास तिन्ही ठाऊक असतात. नफा जन्मतो तो ह्या अंतरात.

हा नफा दिसतो तेवढा मोठा मात्र नसतो. हिशेबाच्या सोयीसाठी असे समजू की, दहा किलो वजनाचा बंब मोडीच्या दराने ५,००० रुपयांस घेतला. तांबटाकडून डाख लावून घेणे, घासणे व वाहतूक ह्यांस १,००० रुपये लागले. तो ९,००० रुपयांस गेला, तर ३,००० रुपये सुटले असे वरवर दिसते. परंतु असे दहा बंब घेतले तर ६०,००० रुपये गुंततात. त्यांपैकी सात खपले, तर ६३,००० रुपये येतात. उरलेले तीन वर्षभर पडून राहून अखेर मोडीतच गेले, तर १५,००० रुपये येतात. एकूण ७८,००० रुपये आले व १८,००० रुपये सुटले. म्हणजे बंबामागे १,८०० रुपये. त्यातूनच दुकानाचे भाडे व गुंतलेल्या रकमेचे व्याज जावयाचे. जे राहते ते पारखीचे, श्रमाचे आणि धीर धरण्याचे वेतन होय. कायद्यानेही हे तत्त्व मान्य केले आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर सुरू झाला. त्याच्या ३२व्या नियमान्वये जुना माल तसाच किंवा किरकोळ दुरुस्ती करून विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास, खरेदीवरील कराची वजावट घेतली नसल्यास, पूर्ण विक्रीवर नव्हे, तर खरेदी व विक्री ह्यांमधील फरकावर कर भरता येतो.

तेव्हा नफा हा दोष नव्हे. दोष कोठे शिरतो, हे पाहावयाचे आहे. तो प्रथम शिरतो काट्यात. बंबाची लोखंडी जाळी, हंड्याची कडी, तळातील माती ह्यांबद्दल तूट धरणे रास्त आहे. परंतु ते भाग आधी सोडवून उरलेले वजन विकणाऱ्याच्या देखत करावे, अंदाजाने कापू नये. काट्यावर वैधमापन खात्याच्या पडताळणीचा शिक्का असणे अवश्य आहे, आणि तो पाहावयास मागणे ह्यात कोणाचा अपमान नाही.

दुसऱ्यांदा तो शिरतो बोलण्यात. ‘बंब गळतो’ हे खरे असेल तर म्हणावे. ‘तो कुचकामी आहे’ हे खोटे असेल तर म्हणू नये. आपले गिऱ्हाईक कोण व तो काय देणार, हे व्यापाऱ्याने सांगितलेच पाहिजे असे नाही. ते त्याने कष्टाने मिळविलेले ज्ञान आहे. परंतु वस्तूविषयी असत्य बोलून जो भाव पाडला जातो, तो पारखीचा नफा नव्हे. मौन आणि असत्य ह्यांमधील ही रेषा बारीक आहे खरी, तथापि ती ओलांडली केव्हा, हे ओलांडणाऱ्यास पक्के ठाऊक असते.

तिसरा प्रसंग सर्वांत कठीण, आणि तो कृष्णाकाठास चांगलाच परिचित आहे. वाईवरून, साताऱ्याजवळच्या माहुलीवरून वाहणारी हीच नदी पुढे सांगलीस जाते. २००५, २०१९ व २०२१ ह्या वर्षी तिने सांगलीत घरे बुडविली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. पूर ओसरल्यावर चिखलाने माखलेली कपाटे, पलंग, शीतकपाटे रस्त्यावर येतात. घर धुवावयाचे असते, हातात पैसा नसतो, आणि अशा वेळी जो भाव सांगितला जाईल तो घेण्यावाचून गत्यंतर नसते. तेथे सामान घेणे हे पाप नव्हे; घेणारा आला नाही तर ते कुजून जाईल. परंतु सागवानी कपाट सावलीत हळूहळू वाळविले तर पुष्कळदा पूर्ववत होते, हे ठाऊक असून ‘हे आता सरपणाचे’ असे सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीचा बाजार मांडणे होय.

त्याच सामानाच्या विक्रीत नवा घेणाराही नाडला जातो. पुरात भिजलेले प्लायवूड फुगते व त्याचे थर सुटतात. यंत्रात गाळ शिरला की ते आज चालते आणि उद्या बंद पडते. घेणाऱ्याने कपाटाच्या पाठीमागे आडवी गाळाची रेघ आहे काय, स्क्रूंच्या माथ्यांवर गंज आहे काय, खण उघडताच कुबट वास येतो काय, हे पाहावे. ती रेघ रंगाने झाकून विकणे ही केवळ चतुराई नव्हे; जाणूनबुजून दोष झाकणे ह्यास १८७२ च्या करार कायद्याने कपटच मानले आहे.

आणखी दोन पथ्ये ह्या धंद्यास आहेत. विकणाराच मालक नसेल, तर १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे सामान्यतः घेणाऱ्यासही मालकी मिळत नाही, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा तर गुन्हाच आहे. म्हणून नाव, गाव, तारीख व वस्तू लिहून ठेवणारी वही हे ह्या व्यापाऱ्याचे खरे संरक्षण होय. दुसरे पथ्य जुन्या पेट्यांचे. पेटी रिकामी करताना तळाशी मोडी लिपीतील दप्तर निघाले तर ते रद्दीत घालू नये. वाईस मिळालेल्या अशाच कागदांवरून वि. का. राजवाडे ह्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला; मिरजेस वासुदेवशास्त्री खरे ह्यांनी आपला ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ जुन्या घराण्यांच्या दप्तरांतूनच उभा केला. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा व्यापार १९७२ च्या कायद्यान्वये परवान्यावाचून करता येत नाही.

आता त्या आजींकडे वळू. त्यांची फसवणूक झाली की नाही, हे हॉटेलातील किमतीवरून ठरत नाही. काटा खरा होता काय, बंबाविषयी जे सांगितले ते खरे होते काय, आणि ‘मुलाला विचारून सांगते’ असे त्या म्हणाल्या असत्या तर तो गृहस्थ आठ दिवस थांबला असता काय, ह्यावरून ते ठरते. ह्या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर त्याचा नफा त्यास लखलाभ असो. कारण त्याने बंब मोडीतून वाचविला. आणि घरच्यांनीही एक गोष्ट मनाशी घ्यावी. भांडी विकण्यापूर्वी दोन ठिकाणी भाव विचारणे, आणि त्या दिवशी आजींजवळ कोणीतरी बसणे, एवढे काम पुण्यामुंबईहून येऊन करता येण्यासारखे होते. ते ज्यांनी केले नाही, त्यांनी पुढे व्यापाऱ्यास बोल लावावा, हे फारसे शोभत नाही.