ब्लॉकला ड्रिल लावू नका



पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या मोटारींचं रम्य विश्व’. त्यातलं रम्य ते कालच्या वक्त्यांनी संपवलं असं ऐकतो, तेव्हा मी सरळ बॉनेट उघडतो. दसऱ्याला निघणाऱ्या राजघराण्याच्या मेबॅकबद्दल कोल्हापुरात येऊन बोलण्याइतका मी धीट नाही. (हशा) मी बोलणार मॉरिस मायनरवर. ९४८ सीसीचं ए-सीरिज इंजिन, बिडाचा ब्लॉक, बिडाचंच हेड. बाकी इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुन्या इंजिनाला आजचा भाग बसवताना कापायचं, घासायचं, भोक पाडायचं ते नव्या भागाला, नाहीतर दोघांच्या मध्ये घालायच्या पट्टीला. जुन्या बिडाला नाही. अल्टरनेटर बिघडला तर उद्या दुसरा मिळेल. ब्लॉक कुठून आणणार?

आधी आट्यांचं दोन मिनिटांत उरकतो. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली आट्यांचं प्रमाण ठरवलं, कोन ५५ अंशांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा ६० अंशांच्या युनिफाइड आट्यांवर एक झाले. मायनरच्या इंजिनात बहुतेक हेच आटे. तिच्या आधीच्या इंग्लिश गाड्यांत व्हिटवर्थच्या घराण्यातले. आणि आज दुकानात मिळतो मेट्रिक बोल्ट. आता आपला अडीच सुताचा बोल्ट घ्या, म्हणजे पाच सोळांश इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. शेजारी आठ एमएमचा ठेवा. डोळ्यांना फरक कळत नाही. पण बारीक आट्याच्या अडीच सुतीला इंचात २४ आटे, आणि साध्या आठ एमएमच्या दोन आट्यांत अंतर सव्वा मिलिमीटर. दोन फेरे गोडीनं जातो, मग अडतो.

असाच एक अडलेला बोल्ट मी इथल्याच उद्यमनगरात पाहिला. पोरगा पान्याला पाइप लावून उभा. मी म्हटलं, अरे थांब. तो म्हणतो, “बसतंय की ओ!” (हशा) हसू नका, त्याचं खरं होतं. बसत होता, आतले आटे सोलून बसत होता. तेवढ्यात फोरमन आले. ओरडले नाहीत. बोल्ट उलटा फिरवून काढला, बोट घालून आटे चाचपले, आणि लेथवर गेले. एक स्टड काढला. एका टोकाला अडीच सुती बारीक आटा, दुसऱ्या टोकाला आठ एमएम, मध्ये कॉलर. ब्लॉकमध्ये ब्लॉकचा आटा, बाहेर बाजारातला नट. सून माहेरची भाषा माहेरी बोलते, सासरची सासरी, तसा तो स्टड. मला चहा पाजला आणि स्टडचे पैसे घेतले नाहीत. मी नंतर त्यांच्याकडून कार्ब्युरेटरखालचा स्पेसर करून घेतला, पुलीचे बुश करून घेतले, एकदा तर... असो. अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. दोन मिनिटं जरा लांबली.

अल्टरनेटर. मायनरच्या काळातला ल्युकसचा सी-४० डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन पळत असताना. सिग्नलला उभे राहिलात की हेडलाइट पिवळे. त्यामुळे छोट्या गाडीचा अल्टरनेटर बसवावासा वाटणं स्वाभाविक आहे. डायनामो लांबट, दोन्ही टोकांना धरलेला, अल्टरनेटर आखूड. मधली जागा बुशनं भरा, पुली वॉशर घालून एका रेषेत आणा, नाहीतर पट्टा कडेनं झिजेल. आणि सर्वांत आधी बॅटरी बघा. या गाड्यांत प्लस बॉडीला जोडलेला असतो! आजचा अल्टरनेटर तसाच जोडलात तर डायोड तिथल्या तिथे जातात. आधी बॅटरी उलटी करा, इग्निशन कॉइलच्या तारा अदलाबदल करा. डायनामोचा जुना कटआउट फेकू नका, तारा जोडायला त्याचीच पेटी वापरा. डायनामो ग्रीस लावून माळ्यावर.

मागून कुणीतरी म्हणालं, “ओरिजिनल कुठं राहिली?” ऐकू आलं मला. तुम्ही २०२१च्या केंद्रीय नियमावर बोट ठेवताय: पन्नास वर्षांची गाडी, मूळ रूपात, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, तरच ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर. मान्य. पण माझा अल्टरनेटर दुपारभरात उतरतो आणि गाडीवर ओरखडा राहत नाही. ज्यांनी मूळपणासाठी डायनामो ठेवला आणि पंख्यासाठी रेडिएटरच्या चौकटीला चार भोकं पाडली, त्यांना आधी विचारा. (टाळ्या) नावं घेत नाही, पुढच्या रांगेत आहेत. (हशा)

चिठ्ठी आलीय: “शिसं गेल्यावर व्हॉल्व्ह सीटचं काय? तिथं कापावंच लागतं.” अडचणीचा प्रश्न आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. शिशाचा थर सीटला जपायचा. तो गेला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बिडात रुतत जातो, टॅपेटची फट कमी होते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. उपाय म्हणजे हेड मशीनवर चढवून कडक सीट ठोकणं. हो, कापावं लागतं. पण ते हेड आहे, ब्लॉक नव्हे. (हशा) हसा. तरीही घाई करू नका. झीज होते ती लांबवर, वेगानं, भार घेऊन पळवल्यावर. रविवारी रंकाळ्याला चक्कर मारणाऱ्या गाडीची फट मोजत राहा; बारा थाऊ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश, टिकत असेल तर हेड उतरवू नका.

दुसरी चिठ्ठी आयोजकांची आहे, तिच्यात प्रश्न नाही. (हशा) तेव्हा इथेनॉलचं धावतं सांगतो. वीस टक्क्यांच्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात. पाइप इथेनॉल सोसणारे घाला, फ्लोटची सुई व्हिटॉनच्या टोकाची घ्या. मिश्रण पातळ होतं, म्हणून एसयू कार्ब्युरेटरचा जेट खालच्या नटानं थोडा उतरवा, एका वेळी एकच बाजू. षट्कोनी नटाची बाजू म्हणतोय मी. मग गाडी फिरवून प्लग काढून बघा. पांढरा असेल तर आणखी एक. स्टडचं ड्रॉइंग ज्यांना हवंय त्यांनी बाहेर पुस्तकांच्या टेबलापाशी भेटा, पण कॉलरची जाडी तुमच्या गाडीवर मोजूनच लेथवाल्याकडे जा.