पाटल्या आणि परदेश
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आमची थोरली पुढच्या महिन्यात जर्मनीला शिकायला चालली आहे. तिकडे बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच खात्यात अडकवावी लागते. ती मग महिन्या-महिन्याने हाती येते. त्यासाठी मी पाटल्या गहाण टाकल्या. "आता लग्नाला काय?" असे लोक विचारतात. पण मला काळजी वेगळीच होती.

धीर यावा म्हणून आनंदीबाई जोशींचे चरित्र वाचायला घेतले. १८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. तिथल्या कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. १८८५ सालचा फोटो आहे. एक जपानची, एक सीरियाची आणि आपल्या आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या वेषात! १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पण परतल्या त्या आजारी होऊन, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. बावीस पुरी नव्हती.

मी पुस्तक मिटले आणि लेकीला म्हटले, "नको जाऊस."

ती म्हणाली, "आई, त्यांना क्षय झाला होता. तेव्हा त्यावर औषध नव्हते. पुढे तर आजोबांच्या एच.ए. कंपनीतच स्ट्रेप्टोमायसिन बनत होते की!"

सासऱ्यांची सारी नोकरी पिंपरीच्या त्या कारखान्यात गेली, आणि मला हे सुचू नये!

तर तिकीट काढले आहे. बॅगेत थोडी जागा उरली आहे. कोणाकडे घरचे मेतकूट असेल तर कळवावे. माझे यंदा जरा करपले.