मानवशास्त्राची पदवी आणि पुढील वाटा
(माढा येथील विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



मानवशास्त्र घेतलेल्या मुलाला घरी एकच प्रश्न विचारला जातो, "हे शिकून नोकरी कसली लागणार?" आईबापांनी मोलमजुरी करून शिकविले असेल, तर हा प्रश्न रास्तच आहे.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात, बाबासाहेबांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. तेव्हा ते २५ वर्षांचे होते. पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मापांची आकडेवारी तपासून, अस्पृश्य हे निराळ्या वंशाचे नाहीत, असे त्यांनी दाखविले. ज्या मोजपट्टीने माणसे वेगळी ठरविली जात, तीच त्यांनी हाती घेतली.

आता वाटा पाहू. पहिली वाट उच्च शिक्षणाची. पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. इरावती कर्वे यांची कर्मभूमी असलेल्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाकडे वळता येते. पदव्युत्तर पदवीनंतर नेट देऊन प्राध्यापकी व संशोधन करता येते. दुसरी वाट केंद्रीय लोकसेवा परीक्षेची. तेथे हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा आहे. तिसरी वाट १९४५ साली स्थापन झालेले भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षण, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि संग्रहालये यांची. चौथी सार्वजनिक आरोग्य व स्वयंसेवी संस्थांची.

पण खोटी आशा दाखविणार नाही. 'मानवशास्त्रज्ञ पाहिजे' अशा जाहिराती मोजक्याच निघतात. म्हणून संख्याशास्त्र, संगणक आणि इंग्रजी सोबतच शिका. शिष्यवृत्तीचे नियम दरवर्षी वाचा. केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती व समाजावरील संशोधनाचे विषय वगळण्यात आले. म्हणून एकाच दारावर विसंबू नका. बार्टी आणि राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचीही चौकशी करा.

शेवटी एक सांगतो. आपल्या सोलापुरात गुन्हेगार जमाती कायद्याखालची सेटलमेंट होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्या तारेच्या कुंपणाआड बालपण काढलेली माणसे आता थोडीच उरली असतील. त्यांच्या आठवणी कोण लिहून घेणार? आजवर इतरांनी आपल्याविषयी पुष्कळ लिहिले. आता वही तुमच्या हाती आहे. नोकरी शोधाच; पण पुढच्या सुट्टीत एखाद्या आजीजवळ बसा, ऐका आणि लिहून घ्या. या शास्त्राचा पहिला धडा तोच आहे.

जय भीम!